जाळ जुन्या जागीच करावा

ही गोष्ट खरी आहे.

पदरचं काही घातलेलं नाही. वाचून कोणाला वाटलं की हा फेकतोय, तर खुशाल वाटू द्या. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा, आणि वैजिनाथमामांनी आयुष्यात कधी थाप मारलेली मला आठवत नाही. त्यांना ते जमायचंच नाही.

साल १९९७. संक्रांत नुकतीच झालेली. जागा म्हणजे लिंबागणेशच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरातलं वनखात्याचं एक पठार. पठाराला नाव आहे, पण ते मी लिहिणार नाही. उगीच कोणीतरी बघायला जाईल.

मामा अंबाजोगाईला शाळेत मास्तर होते. नियमाचे इतके पक्के, की एसटीत ‘थुंकू नये’ अशी पाटी दिसली तर आवंढासुद्धा विचार करून गिळतील, असं आम्ही भाचे त्यांना चिडवायचो. ते हसायचे. म्हणजे आधी हसायचे.

त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर मामी गेली. कावेरीमामी. कावीळ झाली, ती तिनं अंगावर काढली, मग दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आलीच नाही.

मामांनी तिचं सगळं यथासांग केलं. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. जंगमस्वामी आले, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली, हातात इष्टलिंग दिलं. कुठं म्हणून काही कमी पडू दिलं नाही. माती देऊन परतताना लोक म्हणाले, वैजिनाथनं बायकोचं सोनं केलं.

मागं राहिली ईश्वरी. तिसरीतली पोर.

सुरुवातीला ती रोज विचारायची, आई कधी येणार. मग एके दिवशी तिनं विचारणं बंद केलं. त्याची मामांना जास्त भीती वाटली. तिची वेणी मामी घालायची. आता मामा घालू लागले, पण त्यांनी घातलेली वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची. पोर तशीच मोकळ्या केसांनी बसून राहायची. दुसऱ्या कोणाला ती केसांना हात लावू द्यायची नाही.

तर जानेवारीत शाळेचं शिबिर निघालं. घरोघर केबल आलेली, पोरं टीव्हीपुढून हलत नाहीत, त्यांना जरा रान दाखवा, असं हेडमास्तरांच्या मनात आलं. कुठल्याशा कोल्ड्रिंकवाल्यांनी फुकट दिलेल्या लाल टोप्या घालून पाचवी-सहावीची पोरंपोरी निघाली. स्वयंपाकाला शाळेतली बायनाबाई. घरी बघायला कोणी नाही म्हणून ईश्वरी बापाबरोबर.

वनखात्याची जमीन, म्हणजे परवानगी आली. मामांनी ती रीतसर काढली. मुक्कामाची वेगळी, जाळाची वेगळी. डोंगराच्या पायथ्याला त्रिंबक नावाचा फॉरेस्टगार्ड सायकल टेकवून वाट बघत होता. त्यानं पोरांना रांगेत उभं करून नियम सांगितले.

“पडलेलंच लाकूड घ्यायचं, फांदी तोडायची न्हाई. वारं सुटलं तर जाळ करायचा न्हाई. विस्तव सोडून कुणी जायचं न्हाई. विझवल्यावर राखंत हात घालून बघायचा, हाताला गार लागली तरच उठायचं. आन् नवी जागा काळी करायची न्हाई. जाळ जुन्या जागीच करायचा.”

“जुनी जागा कुठाय?” मामांनी विचारलं.

“वर गेले की दिसंल, सर. दगडं मांडलेली हायती. मी परवा चक्कर मारतो.”

पठारावर पोचल्यावर पळसाच्या झाडाखाली ती दिसलीच. गोल मांडलेले दगड. आतली जमीन काळी, भाजल्यासारखी. आजूबाजूला गुडघाभर वाळलेलं गवत, आणि त्या गोलात एक काडी उगवलेली नव्हती.

त्रिंबकच्या मनात होती ती चूल पुढं पाझर तलावाच्या काठाला होती. मामांना ते कुठून माहीत असणार?

त्यांनी तंबू तिथंच ठोकायला लावले.

दिवस मावळला आणि शेकोटी पेटली. सगळं नियमानं. शेजारी पाण्याच्या घागरी भरून ठेवलेल्या. वारा पडलेला. पोरं गोल करून बसली. गाणी झाली, हेडमास्तरांच्या नकला झाल्या. मामांनी न बघितल्यासारखं केलं.

मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली.

गोलात... एक जागा मोकळी होती.

थंडीमुळं पोरं मांडीला मांडी लावून बसलेली. आणि मध्येच एका माणसाएवढी फट.

“सरका रे, जवळ जवळ बसा,” मामा म्हणाले.

पोरं सरकली. फट बुजली.

थोड्या वेळानं बघतात तर फट होतीच. फक्त आता ती... ईश्वरीच्या शेजारी आली होती.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पलीकडच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, “मला वाटलं तितं कोणीतरी बसलंय, सर.”

पोरं हसली. ईश्वरी हसली नाही. ती त्या मोकळ्या जागेला किंचित टेकून बसली होती. रिकाम्या हवेला कोणी टेकत नाही.

लाकडं तडतडत होती. पोरांचा गलका चालू होता. आणि त्याच्या खालून मामांना एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं भास असेल...

थप... थप... थप...

हळू. मऊ. तान्ह्या पोराला निजवताना त्याच्या पाठीवर थोपटतात, तसा.

ईश्वरीचे डोळे मिटत चालले होते.

जेवणं झाली. शेकोटी विझवली, घागरी ओतल्या. मामांनी सगळ्यांना तंबूत पाठवलं आणि नियमाप्रमाणं राखेत हात घातला.

राख गार होती. ओली, गार.

कडेनं चाचपत ते मधोमध आले... आणि थांबले.

मधोमध ऊब होती.

विस्तवाची असती तर हात भाजला असता. ही तशी नव्हती. अंथरुणातून माणूस नुकतंच उठून गेलं की गोधडीला लागते ना, तशी.

मामांनी हात काढला. आणखी एक घागर ओतली. पुन्हा हात घातला. ऊब होती तशीच होती.

रात्री काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण भुताच्या गोष्टीत जे काय व्हायचं ते रात्रीच होतं. इथं मात्र रात्रभर सगळे गाढ झोपले. पठारावर कोल्हासुद्धा ओरडला नाही.

सकाळी अंघोळ करून मामा कपाळाला विभूती लावायला बसले, तर विभूतीची डबी अंबाजोगाईलाच राहिलेली. विभूतीशिवाय ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत.

समोर शेकोटीची राख होती. रात्री ओली केलेली, आणि आता पहाटेच कोणी वाळवून, चाळून ठेवल्यासारखी पांढरी.

ज्या घरात माणसं जाळतात त्या घरचा माणूस रानातल्या राखेला असा हात लावणार नाही. आधी चार जणांना विचारील. आमच्यात ती सवयच नाही. काळी जागा म्हणजे चूल आणि पांढरी राख म्हणजे विभूती, एवढंच आम्हाला ठाऊक.

मामांनी चिमूटभर राख घेतली. स्वतःच्या कपाळावर तीन बोटं ओढली. मग ईश्वरीला हाक मारून तिच्या कपाळावर ओढली. ती वळली आणि मामांना तिची पाठ दिसली.

तिच्या केसांची... वेणी घातलेली होती.

घट्ट, चापून चोपून. केसांना तेल होतं. शेवटाला काळा दोरा गुंडाळलेला.

“कुणी घातली गं?”

“आईनं.”

किती सहज म्हणाली! शाळेतून आल्यावर सांगावं तशी.

मामांनी बायनाबाईला विचारलं. तिनं देवाची शपथ घेतली. “मला कुठं हात लावू देते, सर, ती?” मग वेणीचं टोक हातात घेऊन तिनं निरखून बघितलं. “दोरा लोकरीचा हाय ह्यो. आन् वेणी बी आपल्यातली न्हाई, सर. धनगरणी घालतेत असली.”

“तू स्वयंपाकाचं बघ,” मामा म्हणाले.

शहाणा माणूस असता तर पोरं गोळा करून तेव्हाच खाली उतरला असता. मामा शहाणेच होते. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांची पोर पोटभर जेवत होती, आपणहून गाणं गुणगुणत होती. ते तिच्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली.

कावेरी आली आहे.

तो अख्खा दिवस मामांनी कसा काढला ते तेच जाणोत. पोरांना झाडं दाखवली, पक्षी दाखवले. ध्यान सगळं संध्याकाळकडं. मला सांगताना म्हणाले, “अरे, लग्नाच्या आदल्या दिवशी व्हतं ना, तसं झालतं मला.” असं म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

ऊन उतरलं. पोरं सरपण गोळा करत होती.

आणि ईश्वरी... दिसेना.

तंबूत नाही. बायनाबाईजवळ नाही. मामांनी हाका मारल्या, आवाज घुमून परत आला. मग त्यांनी पळसाकडं बघितलं.

ती दगडांच्या गोलात आडवी झाली होती. कुशीवर. पाय पोटाशी घेऊन. शांत झोपलेली.

मामा धावत गेले आणि दोन पावलं अलीकडं थांबले.

ईश्वरीचं डोकं... जमिनीला टेकलेलं नव्हतं.

वीतभर वर होतं. मांडीवर डोकं ठेवल्यावर जेवढं वर राहील तेवढं. खाली काही नव्हतं. राख दिसत होती.

थप... थप... थप...

कोणीही किंचाळलं असतं. मामा खाली बसले. मला ठाऊक आहे, ते जवळ जायला म्हणून बसले.

“कावेरी?”

थोपटणं थांबलं.

“कावेरी, मी हाय गं.”

काही नाही. पळसाचं एक पान पडलं.

“दिसू नको. पण बोल तरी. एकडाव बोल.”

 आणि मग पुन्हा... थप... थप...

मामांनी हात पुढं केला. त्या रिकाम्या जागेत, पोरीच्या डोक्याच्या जरा वर. हाताला ऊब लागली. आणि मग काहीतरी खरखरीत लागलं.

लोकर. घोंगडीची लोकर.

कावेरीमामीनं आयुष्यात कधी घोंगडी पांघरली नव्हती. तिला लोकरीनं खाज सुटायची.

मामांना तेव्हाच कळलं होतं. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. कळूनही ते उठले नाहीत. अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले, पोर जागी होईपर्यंत. त्या संध्याकाळी शेकोटी पेटली नाही. पोरांनी कुरकुर केली, मामांनी वाऱ्याचं कारण सांगितलं. वारा काडीचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबक गार्ड आला. सायकल खाली ठेवून, घाम पुसत वर चढला. दगडांचा गोल बघितला, त्यातली राख बघितली आणि जागच्या जागी उभा राहिला.

“सर... हितं कावून पेटवलं?”

“तुम्हीच म्हणालात, जुन्या जागी. दगडं मांडलेली.”

“ती न्हवं हो. चूल तिकडं तळ्यापशी हाय.” त्यानं पायातल्या चपला काढल्या. “ही चूल न्हाई, सर. हितं मयत जाळलंय.”

मामांच्या कपाळावर त्या सकाळचीही विभूती होती. ईश्वरीच्याही होती.

त्रिंबकनं मग सांगितलं. त्याच्या आधी इथं दुसरा गार्ड होता, तेव्हाची गोष्ट. मागच्या शिवरात्रीच्या सुमाराला मेंढरांचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, इथं उतरला होता. चराईचा परवाना त्यांच्याकडं होता, पण मुक्काम एका रात्रीचा. त्यातली एक बाळंतीण तापानं गेली. मोहिनी नाव तिचं. सटवा म्हणून धनगर आहे, त्याची बायको. रानात दुसरीकडं कुठं नेणार? इथंच जाळली.

“त्यांचा वाडा आता खाली उतरलाय, कालच आलेत,” त्रिंबक म्हणाला. “बोलावून आणू का?”

मामांनी ईश्वरीकडं बघितलं. ती दगडांपाशी बसून आपल्या वेणीशी खेळत होती. 

“आणा,” ते म्हणाले.

दुपारी ते आले. सटवा, त्याची आई रतनबाई, आणि तिच्या कडेवर वर्षाचं पोर. हरिओम. सटवा पंचविशीचाही नसेल. तो गोलाजवळ आलाच नाही. लांब काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. रतनबाई आली, दगडांबाहेर बसली आणि एकेका दगडाला हात लावून बघितला.

“माझ्या हातानं मांडलते,” ती म्हणाली. “जनावराचा पाय पडू न्ये म्हून.”

मामांनी हात जोडले. “आजी, आम्हाला ठाऊक नव्हतं. चूल समजून...”

“आसू द्या, मास्तर. तुमाला कोण सांगणार?”

मग ती बोलू लागली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

“सांजंच्याला आग दिली बघा. धूर बघून गार्ड आला. म्हनला, फागुनाचे दिवस हायती, सगळं रान वाळलंय, ही आग कुणाला विचारून केली? आमी म्हनलं, बाबा, चिता हाय. तवा त्यानं बी टोपी काढली. माणूस वाईट न्हवता. पर म्हनला, तुमचा परवाना सकाळपतूर हाय, आन् विस्तव सोडून जाता येत न्हाई. विझवून जा.” तिनं लेकाकडं बघितलं. “ह्यानंच पाणी घातलं. सोताच्या हातानं. निवायच्या आधी.”

सटवा तसाच उभा होता.

“तिसऱ्या दिशी राख सावडायची आसती, मास्तर. दूध शिंपायचं, गोळा करायची, गंगेला सोडायची. तवा माणूस सुटतं. तिसऱ्या दिशी आमी कुठल्या कुठं गेलतो. पावसाळा सरल्यावर येऊन बघितलं तर राखच न्हाई. पावसानं नेलती. सावडावं काय? माती?” ती थांबली. “म्हून ती बसली आसंल हितंच. वाट बघत.”



तेवढ्यात कडेवरचं पोर हसलं.

गोलाकडं बघून. रिकाम्या गोलाकडं. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि आजीच्या कडेवरून झेप घेऊ लागलं. रतनबाईनं त्याला हळूच दगडांच्या आत ठेवलं. पोर दोन पावलं चाललं, धडपडलं आणि...

पडलं नाही. अर्ध्यातच थांबलं. कोणीतरी काखेत हात घालून धरावं तसं.

थप... थप... थप...

भर दुपार होती. तो आवाज मामांनी ऐकला, बायनाबाईनं ऐकला, त्रिंबकनं ऐकला. सटवाच्या हातातली काठी खाली पडली. “मोहिनी,” एवढंच तो म्हणाला आणि मग मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला.

ईश्वरी उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. दोन दिवस तिच्या पाठीवर चाललेलं ते थोपटणं आता दुसऱ्याच पोराच्या पाठीवर चाललं होतं.

थोड्या वेळानं रतनबाईनं डोळे पुसले. “मास्तर, तुमी जाळ केला त्ये बरं झालं. तिच्या जागंची राख हाय आता. आमी सावडतो.”

तिनं लोट्यातलं शेळीचं दूध राखेवर शिंपलं. सटवा पुढं आला, बसला. दोघांनी मिळून हातानं राख गोळा केली. पांढऱ्या फडक्यात भरली. कडेची, दगडाला चिकटलेली, सगळी. एक भाकरी ठेवली. पोरं लांब, तंबूंपाशी गुपचूप उभी होती. एरवी क्षणभर गप्प न बसणारी पोरं.

फडक्याला गाठ मारायच्या आधी रतनबाई थांबली. तिची नजर ईश्वरीच्या कपाळावर गेली. मग मामांच्या.

“ती बी तिचीच हाय, मास्तर.”

मामांनी आधी स्वतःचं कपाळ पुसलं. बोटांची राख फडक्यात झटकली. मग ते ईश्वरीकडं वळले.

पोरीनं दोन्ही हात कपाळावर दाबून धरले.

“न्हाई! अप्पा, न्हाई!”

“ईशू, त्यांचं हाय ते.”

“माझी आई हाय! त्यायला सांगा न्हिऊ नका म्हून! अप्पा, आईला न्हिऊ देऊ नका!”

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. “राहू द्या मास्तर, लेकरू हाय,” ती म्हणाली. पण फडक्याची गाठ काही तिनं मारली नाही.

मामा मला म्हणाले होते, त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. कोणी काही बोललं नसतं. बोटभर राख. पोरीजवळ राहिली असती, आणि संध्याकाळी तिच्या पाठीवर हात फिरला असता. आणि ती बाई कायम तिथं बसून राहिली असती.

त्यांनी पोरीचे हात धरले. ती ओरडत होती, लाथा मारत होती. त्यांनी ते हात बाजूला केले आणि तिच्या कपाळावरची तीन बोटं पुसून काढली.

रतनबाईनं गाठ मारली.

गोलात आता हरिओम एकटाच बसलेला होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आजीकडं रांगत गेला.

पठारावर वारा सुटला. तीन दिवसांत पहिल्यांदा. ईश्वरीच्या वेणीचा दोरा कधी सुटला ते कोणाला दिसलं नाही. केस मोकळे झाले होते.

ते लोक गेल्यावर मामा पोरीला घेऊन पळसाखाली बसले. ती रडून रडून दमली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,

“ती माझी आई नव्हती?”

“नव्हती, बाळा.”

“ती त्या बारक्याची आई होती?”

“होय.”

“ती कावून आलती?”

“तिचं करायचं राहून गेलतं. नीट करायला कुणी थांबू दिलं न्हाई. म्हून.”



“मग माझी आई कावून येत न्हाई?”

मामांना वाटलं, याचं उत्तर आपल्याकडं आहे. पोरीला धीर येईल असं उत्तर. ते म्हणाले, “तिचं आपण सगळं नीट केलं ना ईशू. काही म्हणून राहू दिलं न्हाई. ती सुखानं गेली.”

पोरीनं मान वर करून बापाकडं बघितलं.

“मग नीट कावून केलं, अप्पा?”

  शिबिर आवरून मामा खाली उतरले, एसटीत बसले, घरी आले. त्यानंतर मामा पोरांना पुष्कळ ठिकाणी घेऊन गेले, पण मुक्कामाची परवानगी पुन्हा कधी काढली नाही. ईश्वरी मोठी झाली, शिकली, अंबाजोगाईलाच नोकरीला लागली. लग्न केलं नाही. बाप-लेक एकत्र राहायचे. या गोष्टीवर दोघं एकमेकांशी बोलत नसत. मला जे ठाऊक आहे ते मामांनी एकट्यानं, आजारपणात, थोडं थोडं करून सांगितलेलं.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली.

त्यांना समाधी दिली तेव्हा मी तिथंच होतो. जंगमस्वामी सांगत होते तसं ईश्वरी करत होती. मध्येच स्वामी थांबले. हळू आवाजात तिला म्हणाले, “ताई, हे राहिलं.”

“राहू द्या,” ईश्वरी म्हणाली.

“अहो, पण...”

“राहू द्या, स्वामी.”

काय राहिलं ते मला कळलं नाही. मी हातभर अंतरावर उभा होतो, तरी कळलं नाही. स्वामींना नंतर विचारलं, त्यांनी विषय बदलला. तिला विचारायची माझी छाती झाली नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडं गेलो होतो. संध्याकाळची वेळ. तिनं चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता ती थांबली. माझ्या मागं, दाराकडं बघितलं...

आणि सहज म्हणाली, “आलात?”

मी वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं. कडी आतून लावलेली होती.

ईश्वरी हसत होती. लहानपणापासून तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं उठून आणखी एक कप ठेवला, आणि मी चहा अर्धा टाकून निघालो. पायात चप्पल धड घातली नाही. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण एसटीत बसल्यावर भीती ओसरली आणि दुसरंच काही मनात येऊ लागलं. मला माझी आई आठवत होती. मामांची थोरली बहीण. तिला जाऊन दहा वर्षं होतील. तिच्या वेळी मी स्वतः उभं राहून सगळं करवून घेतलं होतं, एकही गोष्ट राहू दिली नव्हती.